शिपायाच्या घरची बाजू

गोव्यात पोर्तुगीजांविरुद्ध झालेल्या १८९५च्या बंडाचा विषय निघाला की सत्तरीच्या राणे घराण्यातल्या दादा राण्यांचं नाव येतं, ते योग्यच. पण ठिणगी पडली ती पोर्तुगीज फौजेतल्या साध्या मराठा शिपायांमुळे. पोर्तुगीज सरकारने मोझांबिकच्या मोहिमेवर जायचा हुकूम काढला आणि त्यांनी साफ नकार दिला. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो ही भीती होतीच, पण मला घरची बाजूही तेवढीच मोठी वाटते. कर्ता पुरुष आफ्रिकेत गेल्यावर शेत कोण नांगरणार, म्हाताऱ्यांकडे कोण बघणार? शिपाई गोव्याच्या सत्तरी भागात नाणूसच्या किल्ल्यावर गेले, राणे त्यांना मिळाले. बंड मोडायला लिस्बनहून पोर्तुगालच्या राजाचा भाऊ फौज घेऊन आला.

तुमच्याकडे दसऱ्याला जुनी तलवार घासूनपुसून, हळदकुंकू लावून पूजत असतील, तर घरातल्या आजीला एवढं विचाराच: मागे राहिलेल्या बायकांनी दिवस कसे काढले? आणि ऐकलेलं इथे लिहा.