आई दुखण्यात आहे, सार्वकालिक जीवनाचं तिला आत्ता कसं सांगू?

कोपरीकर: जय ख्रिस्त सगळ्यांना. आईचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, काल रिक्षात सुईच्या जागेवरची पट्टी दाबून धरत म्हणाली, "देवाला मी नकोशी झालेय का रे?" मला बोलताच आलं नाही. मंडळीत सगळे म्हणतात स्वर्गात दुःख नाही, पण आत्ताचं काय? बायबलमधलं रोमकरांस ८:१८, आत्ताची दुःखं पुढच्या गौरवापुढे काहीच नाहीत असं आहे ते, वाचून दाखवू का?

वाशीची ताई: भाऊ, लगेच नको. मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण पुन्हा जिवंत उठवणार हे येशूला माहीत होतं तरी कबरेकडे जाताना तो रडलाच ना, मग आशा आहे म्हणून रडायचं नाही असं कुठंय? आधी नुसता हात धरून बस. मिस्टरांच्या केमोत मला वचनं सांगणारे खूप भेटले, डबा घेऊन येऊन गप्प बसणारी एकच शेजारीण, ती अजून आठवते.

कळवा नाका: ताईंचं पटलं, पण आशा लपवू पण नका. रोमकरांस पत्र लिहिणारा पौल स्वतः फटके आणि तुरुंग भोगलेला माणूस, त्याच आठव्या अध्यायात २२-२३ मध्ये म्हणतो सगळी सृष्टी कण्हतेय आणि आपणही. आणि नुसता आत्मा वर जाणार असं नाही हो, शरीराचं पुनरुत्थान आहे, आईचं हेच सुया टोचलेलं शरीर. पंडिता रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ ला गेली, बाई स्वतः १९२२ ला, तरी बायबलचं भाषांतर त्यांनी सोडलं नाही.

कोपरीकर: आज नुसता बसलो. तिनेच विचारलं, "तिथे बाबा ओळखतील ना मला?" दोघंही रडलो. २२-२३ उद्या वाचतो तिच्यासोबत.