मदत हवी आहे: विहिरीभोवतीची मळी (नदीकाठची शेतजमीन) रहिवास विभागात चाललीय, हरकत कशी लिहायची?

मंडळी, आमचं गाव करवीर तालुक्यात, पंचगंगेकाठी. परवा पेपरच्या आतल्या पानात बारीक अक्षरातली नोटीस आली. चुलत्यांना दिसली, ते टेंडरंसुद्धा वाचतात. एमआरटीपी कायदा (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) १९६६, कलम २०, प्रादेशिक योजनेत फेरबदल: मळीचे काही गट शेती विभागातून रहिवास विभागात. हरकतीला एक महिना, त्यातले अकरा दिवस गेले.

त्या गटांच्या मधोमध गावच्या नळपाण्याची विहीर आहे, चारी बाजूंनी ऊस. उन्हाळ्यात नदीचं पाणी काळं पडलं की सगळं गाव तिच्यावर. गाळ काढायला आत उतरलो होतो तेव्हा बघितलंय, ओढ्याकडच्या अंगाला मुरमातनं करंगळीएवढे झरे लागतात. प्लॉट पडले की ड्रेनेज नाहीच, शोषखड्डे येणार, तेही नेमके ओढ्याकडच्याच वरच्या अंगाला.

आणि पूर. २०१९ ला हा ऊस शेंड्यापर्यंत बुडाला, २०२१ ला परत. घरं बांधायची तर भराव टाकणार. मग पाणी आमच्या गल्लीत.

गावात दोन तट पडलेत. ज्यांचे गट आहेत त्यांना गुंठ्याचा भाव दिसतोय. त्यांना तरी काय बोलायचं, उसाचा हिशोब मलाही माहीत आहे.

ग्रामसभेचा ठराव पुरेल का प्रत्येकानं वेगळी हरकत द्यायची? नुसतं ‘आम्हाला नको’ म्हणून सुनावणीत टिकत नाही म्हणतात. मुद्दे कुठले घालू?

प्रतिसाद: दादा, दोन्ही द्या. प्रत्येकाची वेगळी, गट नंबर घालून, आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पूररेषेचा नकाशा साध्या अर्जानं मागा. माहिती अधिकारात ३० दिवस जातात, तोवर मुदत संपलेली. निळी रेषा २५ वर्षांतल्या पुराची, लाल १०० वर्षांतल्या. गट निळीच्या आत असला तर तोच पहिला मुद्दा. दुसरा भूजल कायदा: पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर, बोअर घेता येत नाही. प्लॉटवाले बोअर मारणारच, हे स्पष्ट लिहा. विहिरीपासूनचं अंतरही.

धागाकर्ता: आत्ताच जाऊन आलो. टेप मिळाला नाही, जवळच्या बांधापासून विहीर चाळीस पावलं भरली. उद्या टेप घेऊन जातो, चुलत्यांना साक्षीला.