पोराची वयचोरी कानावर आलीय, ब्लॉगवर टाकू का?

मैदानवेडा : मी आमच्या जिल्ह्यातल्या क्रिकेटवर ब्लॉग लिहितो. 16 वर्षांखालच्या संघातल्या एका पोराचं वय कागदावर कमी दाखवलंय, असं एका कोचनं सांगितलं. वर "माझं नाव नको" हेही. मित्र म्हणतो, बिनधास्त टाक, 'मैदानात अशी चर्चा आहे' एवढं जोडलं की झालं. पुढे म्हणतो, तू काय पत्रकार आहेस? आणि पेपरवाले तरी कुठे सोवळे? काय करावं?

जुनी_शाई : क्रीडा डेस्कवर उमेदीची वर्षं गेली म्हणून सांगतो, 'चर्चा आहे' ही आमचीही लाडकी पळवाट. 2009 मध्ये फिलाडेल्फिया फिलीज या अमेरिकी बेसबॉल संघाचा राउल इबान्येझ 37व्या वर्षी होमरनचा सपाटा लावत होता. जेरॉड मॉरिस नावाच्या ब्लॉगरनं मैदानं, समोरचे पिचर (चेंडू टाकणारे) असा सगळा हिशेब मांडला आणि तरीही उत्तेजकांची शंका येणारच, असं लिहिलं. थेट आरोप नव्हता. तिथल्या मोठ्या पेपरच्या स्तंभलेखकानं त्याला झोडपलं, पण त्या नादात शंका घरोघरी पोचवली ती पेपरनंच! इबान्येझ भडकला, रक्त-लघवी हवं ते तपासा म्हणाला. पुरावा कुणाकडेच नव्हता.

उलटंही घडतं. मँटाय टेओ या अमेरिकन फुटबॉल खेळाडूच्या मैत्रिणीच्या मृत्यूची करुण कहाणी बड्याबड्या माध्यमांनी चालवली. जानेवारी 2013 मध्ये 'डेडस्पिन' या ब्लॉगनं मृत्यूची नोंद शोधली, विद्यापीठात विचारलं. अशी मुलगी कधी नव्हतीच.

तुमच्याबाबत : पोराचं नाव अजिबात नको, तो अल्पवयीन आहे. कोचचा यात काय फायदा, ते आधी बघा. या वयोगटात बीसीसीआय मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढते (टीडब्ल्यू-3 पद्धत, तोही अंदाजच). ती चाचणी झाली का, असं संघटनेला लेखी विचारा. आणि मित्राला सांगा, ब्लॉग प्रेस कौन्सिलच्या (पेपरांवर नजर ठेवणारी संस्था) कक्षेत येत नसेल, पण बदनामीचं कलम (भारतीय न्याय संहितेचं 356) 'तू पत्रकार आहेस का' असं विचारत नाही.

तिखटजाळ : प्रेस कौन्सिल पेपरांना तरी काय करते? समज देते, ताशेरे ओढते. दंडाचा अधिकारच नाही. 2022 मध्ये यष्टिरक्षक वृद्धिमान साहानं आपल्याला मुलाखतीसाठी धमकावणारे व्हॉट्सअ‍ॅप संदेश उघड केले. त्या प्रकरणात क्रीडा पत्रकार बोरिया मजुमदार यांच्यावर दोन वर्षांची बंदी आली ती बीसीसीआयकडून! ज्यांच्यावर पत्रकारांनी नजर ठेवायची, तेच पत्रकाराला शिक्षा देणार.

जुनी_शाई : शेवटचा मुद्दा एकदम मान्य. मात्र स्क्रीनशॉटमध्ये फेरफार केल्याचं मजुमदार यांचं म्हणणं होतं, तेही लिहायला हवं होतं. मैदानवेडा, हेच ते दुसरी बाजू म्हणतात ते.

मैदानवेडा : संघटनेला मेल टाकला. दरम्यान कळलं की कोचचा पुतण्या त्याच संघात राखीव कीपर आहे. पण म्हणून वयाची गोष्ट खोटी ठरत नाही ना?

जुनी_शाई : नाही ठरत. खरीही ठरत नाही. मेलला आठवडाभर थांबा, मग फोन करा. तरी गप्प बसले तर 'विचारलं, उत्तर दिलं नाही' असं तारखेसकट छापा.