नेटस्टॅट सापडत नाही, पोर्ट कसं बघू?

रावेरकर: केळीच्या वखारीतल्या उबंटूवर मायएसक्यूएल (डेटाबेस) चालू आहे, पण वजनकाट्यावरचा पीसी जोडला जात नाही. पिंग जातोय, म्हणजे मशीन नेटवर्कवर दिसतंय. कोणते पोर्ट (प्रोग्रामशी जोडायची क्रमांकाची दारं) उघडे आहेत ते बघायला नेटस्टॅट कमांड टाकली तर 'कमांड नॉट फाउंड'.

भुसावळवाला: भाऊ, नव्या उबंटूत नेटस्टॅट आपोआप येत नाही. त्याच कामाची 'एसएस' कमांड टाका, पुढे डॅश टीएलएन. ३३०६ च्या, म्हणजे मायएसक्यूएलच्या पोर्टच्या ओळीत डावीकडचा पत्ता कोणता? १२७.०.०.१ असेल तर दार फक्त घरच्यांना, म्हणजे त्याच मशीनवरच्या प्रोग्रामना उघडं. पिंगवर जाऊ नका, तो पोर्ट बघतच नाही.

रावेरकर: तेच आहे!

भुसावळवाला: मग मायएसक्यूएलच्या कॉन्फिगमध्ये बाइंड-ॲड्रेसला (कोणत्या पत्त्यावर ऐकायचं ते ठरवणारी ओळ) उबंटूचा लॅन, म्हणजे वखारीतल्या नेटवर्कवरचा पत्ता द्या आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. नेटवर सल्ला मिळतो म्हणून ०.०.०.० (म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर उघडं) टाकायची घाई नको.

चोपडेकर: दादा, मायएसक्यूएलच्या युझरला त्या वजनकाट्याच्या पीसीवरून यायची परवानगी आहे ना? नसेल तर पुढची एरर ठरलेली.