मदत हवी आहे: येळवस (वेळ अमावस्या) झाल्यावर मुन्नार, 5 माणसं, 50 हजारांत बसेल का?

नमस्कार मंडळी, मी उमरग्याचा. आमच्या वडलांनी 27 वर्षं बसस्टँडजवळ चहाचं हॉटेल चालवलं, गुडघ्यामुळं आता बंद केलंय. मागच्या महिन्यात टीव्हीवर चहाचे मळे दाखवत होते तर एकटक बघत बसले अन् म्हणले, जन्मभर पत्ती उकळली पण झाड काही बघितलं नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यातून मुन्नार जाईना गेलंय.

आई-वडील, आम्ही दोघं अन् 7 वर्षांची मुलगी. येळवस झाली की जायचं, कारण पुढं हरभरा काढायला येतो, अन् तिकडं इरविकुलमचं राष्ट्रीय उद्यान फेब्रुवारी-मार्चमध्ये निलगिरी ताहर (डोंगरातल्या रानबकऱ्या) व्यायचे दिवस म्हणून बंद ठेवतेत, म्हणजे आमच्याकडं जानेवारीच आहे.

सोलापूरवरून पुणे-कन्याकुमारी गाडीनं आलुव्याला उतरायचं ठरवलंय. एसटीला वडील, आई, बायको सगळ्यांना अर्धं तिकीट, पण रेल्वेची ज्येष्ठ नागरिक सवलत 2020 पासून बंद, अन् मुलीला वेगळा बर्थ घेतला की पूर्ण भाडं. थ्री एसीनं जाऊन-येऊन 17-18 हजार धरलेत. स्लीपरमध्ये निम्म्याहून जास्त वाचतेत पण वडलांना त्या गुडघ्यानं एवढा लांबचा प्रवास स्लीपरनं करायला लावायचं मला पटत नाही, तिथं काटकसर नको.

राहिले 32. 3 रात्री 2 रूम, रूमला 2 हजारानं 12. आलुवा ते मुन्नार जवळपास 110 किमी, टॅक्सीचे येऊन-जाऊन 8 धरले. तिथं फिरायला 2 दिवस गाडी 6, जेवणखाण 6. झाले 32, अन् हातात काहीच उरत नाही. दुखलं-खुपलं तर? धपाटे, शेंगदाण्याची चटणी घरून घेणारच आहे, आईला खोबरेल तेलातलं जेवण जाईल असं वाटत नाही.

आता मुख्य अडचण. आलुव्याहून केरळच्या सरकारी बसनं गेलं तर पैसे बरेच वाचतेत, पण नेरियामंगलमच्या पुढं सगळा घाट अन् आईला गाडी लागते. टॅक्सीत निदान पाहिजे तिथं थांबता येतं. जाताना टॅक्सी अन् येताना बस असं कुणी केलंय का? म्हातारी माणसं घेऊन बसनं गेलेल्यांनी खरंखरं सांगा.

दुसरं, रूम गावातच घ्यावी का अलीकडं चित्तिरपुरम, पल्लिवासलकडं? स्वस्त पडते म्हणतेत पण रोज गाडीभाडं वाढलं तर काय उपयोग. जानेवारीत पहाटे पार शून्याच्या आसपास थंडी जाते म्हणे, तर गरम पाणी अन् जाड पांघरूण मिळेल अशी साधी जागा पाहिजे, व्ह्यू नसला तरी चालतंय.

टॉप स्टेशन, कुंडला बघायचं राहिलं तरी चालेल. नल्लतण्णीचं चहा म्युझियम मात्र सोडायचं नाही, तिथं पानं कापून दाणेदार सीटीसी पत्ती कशी करतेत ते मशीनवर दाखवतेत, वडलांना त्यासाठीच न्यायलोय. सोमवारी बंद असतंय हे माहीत आहे, त्या हिशोबानं दिवस धरलेत. आत किती चालावं लागतं, पायऱ्या आहेत का, बसायला जागा असते का?

रिझर्वेशन 60 दिवस आधी उघडतंय, त्याच्या आत रूम अन् गाडीचं नक्की करायचंय. जे जाऊन आलेत त्यांनी कोणत्या महिन्यात गेलते अन् रूमला, गाडीला नेमके किती पडले तेवढं लिहा.