९४ टक्के नफा वाटून टाकला! आयटी कंपन्यांना पैसा लावायला जागाच उरली नाही का?

सरळव्याज (धागाकर्ता), २५ ऑक्टोबर २०२५

इन्फोसिसच्या १८,००० कोटींच्या बायबॅकमध्ये (कंपनीने आपलेच शेअर भागधारकांकडून परत विकत घेणं) प्रवर्तक, म्हणजे संस्थापक मंडळी, भाग घेणार नाहीत, ही बातमी या आठवड्यात आली आणि आमच्या गुंतवणुकीच्या गटात "याला म्हणतात मनाचा मोठेपणा" छापाचे संदेश फिरू लागले. मोठेपणा राहू द्या. या कंपन्या कमावतात कशा आणि वाटतात का, हे जरा बघू.

टीसीएसचं २०२४-२५ घ्या. उत्पन्न २,५५,३२४ कोटी, निव्वळ नफा ४८,५५३ कोटी. वर्षभरात प्रतिशेअर १२६ रुपये लाभांश दिला, त्यातले ६६ 'विशेष'. एकूण सुमारे ४५,५८८ कोटी. म्हणजे शंभर रुपये कमावले आणि ९४ वाटून मोकळे झाले. इन्फोसिसने तर धोरणच जाहीर केलंय: पाच वर्षांच्या मिळून मुक्त रोकडीपैकी (सगळा खर्च भागवून हातात उरणारा पैसा) सुमारे ८५ टक्के भागधारकांना परत.

माझं मत असं की यात औदार्य नाही, धंद्याची मर्यादा आहे. आपल्या कंपन्या तास विकतात. काम करणारा माणूस पुण्यात किंवा चेन्नईत, बिल डॉलरमध्ये. कच्चा माल नाही, भट्ट्या नाहीत, मोठी यंत्रं नाहीत. उत्पन्नाचा निम्म्याहून जास्त भाग पगारावर जातो, आणि उरलेल्या पैशाचं काय करायचं हे कुणालाच सुचत नाही. मायक्रोसॉफ्ट १९८६ ला बाजारात आली, पहिला लाभांश दिला २००३ मध्ये. मधली सतरा वर्षं तिला पैसा घालायला जागा होती. आपल्याकडे ती जागाच तयार झाली नाही.

जुना_मुनीम

साफ असहमत. लाभांश दिला नाही म्हणजे डोकं चालतं, हे कुठलं गणित? ज्या पैशाची धंद्याला गरज नाही तो मालकाला परत करणं हा सभ्यपणा आहे, आणि मालक म्हणजे भागधारक. भागधारकाला दुसरीकडे लावायची अक्कल असते.

पैसा पडून राहिला की व्यवस्थापनाला खरेदीची खाज सुटते, याचं उदाहरण इन्फोसिसच आहे. २०१५ मध्ये २० कोटी डॉलरला 'पनाया' ही सॉफ्टवेअर कंपनी घेतली. पुढे तिची किंमत हिशेबात उतरवावी लागली. त्या खरेदीवरून संस्थापक आणि संचालक मंडळ यांच्यात जे रामायण झालं ते सगळ्यांनी वाचलंय. १८ ऑगस्ट २०१७ ला सीईओ विशाल सिक्का पायउतार झाले आणि दुसऱ्याच दिवशी मंडळाने कंपनीच्या इतिहासातलं पहिलं बायबॅक मंजूर केलं, १३,००० कोटींचं, १,१५० रुपये भावाने. 'कल्पना सुचल्यावर' काय होतं ते पाहिलंय आम्ही. नको त्या कल्पना.

हिंजवडीकर

मालक म्हणजे भागधारक, बरं. आणि तास कुणाचे विकले जातात?

दोन्ही बाजू नफा कुणाला परत द्यायचा यावर भांडताय. तो येतो कुठून ते आमच्या हिंजवडी आयटी पार्कात, फेज टूच्या कँटीनमध्ये विचारा. मनोरा असतो: खाली फ्रेशर, वर थोडे अनुभवी, टोकाला मोजके. गिऱ्हाइकाला टोकावरची माणसं दाखवायची, काम खालच्यांकडून काढायचं. मनोरा जितका रुंद तितकं मार्जिन जास्त. म्हणून फ्रेशरचं पॅकेज दहा-बारा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास अडकलेलं. आम्ही 'बेंच'वर, म्हणजे प्रोजेक्टविना, बसलो की युटिलायझेशन (बिल लागणाऱ्या माणसांचं प्रमाण) घसरतं, मग वरून मेल येतो की अमुक दिवसांत प्रोजेक्ट शोधा. मी ज्या कंपनीत होतो तिथे मार्चअखेर हा खेळ दरवर्षी. नाव लिहीत नाही.

ताजे आकडे बघा. सप्टेंबर २०२५ च्या तिमाहीत टीसीएसची कर्मचारीसंख्या १९,७५५ ने घटून ५,९३,३१४ झाली. माणसं कमी करण्याच्या खर्चापोटी १,१३५ कोटी बाजूला काढले. त्याच तिमाहीचा अंतरिम लाभांश ११ रुपये, म्हणजे चार हजार कोटींच्या आसपास. निरोपाला एक, वाटायला साडेतीन!

जुना_मुनीम

@हिंजवडीकर, तिमाही लाभांश ही दर तिमाहीची गोष्ट आहे, तो माणसं काढून दिलेला नाही. आणि शेअर तुम्हीही घेऊ शकत होता. इन्फोसिसने १९९४ पासून कर्मचाऱ्यांना शेअर दिले, त्यातून किती घरं उभी राहिली ते बंगळुरात विचारा.

हिंजवडीकर

१९९४ मध्ये मी बालवाडीत होतो काका.

रेवती_कोथरूड

😄

थोडं वेगळं. 'भागधारक' म्हटलं की आपण पेन्शनर आजोबा डोळ्यांसमोर आणतो. टीसीएसचा जवळपास ७२ टक्के हिस्सा टाटा सन्सकडे आहे. त्या ४५ हजार कोटींतले ३२ हजार कोटींहून जास्त तिथेच गेले. समूहाच्या बाकी उड्या, विमान कंपनी काय, चिप काय, यांच्यामागे सगळ्यात मोठा आर्थिक आधार हा लाभांशच असतो. टाटा सन्सचा दोन-तृतीयांश हिस्सा ट्रस्टांकडे आहे, त्यामुळे काही ओघ सार्वजनिक कामांपर्यंतही जातो, हे कबूल. पण म्हणून धागाकर्त्याचं "पैसा लावायला जागा नाही" अर्धंच खरं आहे. जागा आहे, ती टीसीएसच्या बाहेर आहे. टीसीएसमध्ये पैसा ठेवून नवं काही उभं करायचं की वर पाठवायचा, हे ठरवणारा आणि तो घेणारा एकच असेल तर उत्तर काय येणार?

ओरॅकल फायनान्शियल सर्व्हिसेस बघा. पूर्वीची आय-फ्लेक्स, 'फ्लेक्सक्यूब' बँकिंग सॉफ्टवेअरवाली. ही तर उत्पादनाची कंपनी, तास विकणारी नव्हे. तरी २०२४ ला प्रतिशेअर २४० आणि २०२५ ला २६५ रुपये लाभांश. तिथेही ७० टक्क्यांहून जास्त हिस्सा मूळ अमेरिकी कंपनीकडे. सेवा असो की उत्पादन, नळ कुणाच्या हातात आहे ते आधी बघावं.

सरळव्याज

रेवती, हा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला नव्हता, पण तुम्ही मांडलात तितका नेमका मला मांडता आला नसता. तरी एक खोच आहे. इन्फोसिसमध्ये प्रवर्तकांचा हिस्सा १३ टक्क्यांच्या आसपास. तिथे वर ओढणारा कुणी नाही, तरी ८५ टक्के वाटतात. मग तुमचा नळ तिथे का लागू होत नाही?

रेवती_कोथरूड

कारण तिथे म्युच्युअल फंड आणि परदेशी संस्था मागे लागतात. ओढणारे हात बदलतात.

कंदीपेढा

उत्पादन-उत्पादन करणाऱ्यांनी एकदा आपल्या क्विक हीलकडे पाहावं. रहिमतपूरचे कैलास काटकर, कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात, पुण्यात अँटिव्हायरस बनवला, दुकानादुकानात डबे विकले. सातारकर म्हणून छाती फुगते. हा धंदा तासाचा नाही. एकदा लिहिलेला कोड हजार जणांना विकला तरी खर्च फारसा वाढत नाही, आणि वर्ष संपलं की गिऱ्हाईक नूतनीकरणाला परत येतं. कागदावर स्वर्ग.

आणि गुंतवणूकदाराला काय मिळालं? फेब्रुवारी २०१६ ला आयपीओ, म्हणजे शेअरची पहिली जाहीर विक्री, ३२१ रुपयांनी. बायबॅक २०१९ मध्ये २७५ ला आणि २०२१ मध्ये २४५ ला. म्हणजे कंपनीने आपलेच शेअर विकल्यापेक्षा स्वस्तात परत घेतले! विंडोजबरोबर अँटिव्हायरस फुकट यायला लागल्यावर डबा विकत कोण घेणार. तास विकणाऱ्याचं मार्जिन मर्यादित, पण गिऱ्हाईक वीस-वीस वर्षं टिकतं. दोन्हींपैकी निवड म्हणाल तर मी तासवाल्यांचा लाभांश घेईन आणि गप्प बसेन.

अनामिक_तेनकाशी

झोहो या आपल्या सॉफ्टवेअर कंपनीचं नाव अजून कुणी कसं घेतलं नाही? १९९६ पासून बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसा न घेता उत्पादनं बनवतायत. लाभांशाचा तगादा नाही, तिमाहीची धास्ती नाही. नफा परत कोडमध्ये. सध्या मंत्रीही त्यांच्या मेलवर गेलेत.

जुना_मुनीम

छान आहे. पण त्यात तुम्हाआम्हाला एक रुपयाही लावता येत नाही, त्यामुळे 'गुंतवणूकदाराला वाटा कसा द्यावा' या चर्चेत झोहो म्हणजे लग्नाच्या याद्यांवर ब्रह्मचाऱ्याचं मत.

डावखुरा

सगळे जुन्या वर्षांवर भांडताय. ९ ऑक्टोबरला टीसीएसने निकालाबरोबर काय जाहीर केलं ते वाचलं नाही का? भारतात एक गिगावॉटपर्यंतचं एआय डेटा सेंटर, पाच ते सात वर्षांत साडेसहा अब्ज डॉलरपर्यंत खर्च, भागीदार आणि कर्ज घेऊन. जमीन, वीज, पाणी थंड करायची यंत्रं! धागाकर्त्याने म्हटलेली 'भट्टी' आता येतेय. ज्या कंपनीची सगळी जादू 'भांडवल लागत नाही' यात होती, ती भांडवल ओतायला निघाली. इथून पुढे ९४ टक्के वाटणं जमणार नाही, असा माझा अंदाज.

सरळव्याज

वाचलं होतं, मुद्दामच मागे ठेवलं. माझ्या मते योग्य दिशा, दहा वर्षं उशिरा. १९८१ पासून पुण्यात टीआरडीडीसी नावाची संशोधन संस्था याच कंपनीच्या छत्राखाली आहे. भाताच्या तुसाच्या राखेचा वापर करणारा 'स्वच्छ' जलशुद्धीकरणाचा फिल्टर तिथल्या कामातून आला. डोकी होती. लाभांशातले दहा टक्के तरी अशा कामांकडे वळवले असते तर आज भाड्याने सर्व्हर देण्यापेक्षा वेगळं काही विकायला असतं.

जुना_मुनीम

किंवा आणखी एक पनाया.

आता मूळ बातमीकडे येतो, कारण 'मनाचा मोठेपणा' ऐकून हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदललाय. आधी बायबॅकचा कर कंपनी भरायची, शेअरवाल्याला रक्कम करमुक्त. आता (हा २०२५ चा नियम) हातात पडणारी अख्खी रक्कम लाभांश समजून तुमच्या उत्पन्नाच्या स्लॅबने कर, आणि तुमची खरेदीकिंमत भांडवली तोटा म्हणून वेगळी धरायची.

इन्फोसिसचा बायबॅक भाव १,८००, बाजारात ऑक्टोबर २०२५ मध्ये दीड हजाराच्या आसपास. समजा तुम्ही १,४०० ला घेतलाय आणि ३० टक्के स्लॅबमध्ये आहात. १,८०० वर उपकरासह कर ५६२. हातात १,२३८. तोटा १,४०० चा, तो दीर्घकालीन नफ्याविरुद्ध वळता केला तर साडेबारा टक्क्यांनी वाचणार उपकरासह १८२. झाले १,४२०. बाजारात विकून यापेक्षा जास्त मिळतात! प्रवर्तकांना अधिभार (मोठ्या उत्पन्नावरचा जादा कर) धरून याहून वाईट पडतं. त्यांनी दूर राहणं हा त्याग नाही, त्यांच्या सीएची फी वसूल झाली. शिवाय शेअर कमी झाल्यावर त्यांचा टक्का किंचित वाढतो तो वेगळाच.

रेवती_कोथरूड

आणि हेच गणित उलटं कुणाला लागू पडतं? ज्याचं एकूण करपात्र उत्पन्न नव्या करपद्धतीत १२ लाखांच्या आत आहे त्याला. लाभांशाला सवलत लागू, कर शून्य, १,८०० पूर्ण हातात. छोट्या भागधारकांसाठी बायबॅकमध्ये १५ टक्के राखीव असतात. म्हणजे पहिल्यांदाच तो पेन्शनर आजोबा संस्थापकांपेक्षा फायद्यात. मुनीमकाका, यावर तरी सहमत व्हा.

जुना_मुनीम

सहमत. लिहून ठेवा.

हिंजवडीकर

बाकी भांडण सोडतो, एक कामाचं विचारतो. आईच्या नावावर इन्फोसिसचे ४० शेअर आहेत, वय ६७, उत्पन्न फक्त एफडीचं व्याज. सगळे ४० घेतील का?

जुना_मुनीम

सगळे घेतीलच असं नाही, प्रमाण ठरतं. पण सगळे ४० द्यायचे, उरलेले डीमॅटला परत येतात. छोट्या भागधारकाची मर्यादा रेकॉर्ड तारखेच्या (ज्या दिवशी शेअर कुणाकडे आहेत ते कंपनी बघते) भावाने दोन लाख आहे, आई त्यात आरामात बसतात. दहा हजारांच्या वर टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) कापतील, म्हणून कर लागत नसल्याचं घोषणापत्र (२०२५ मध्ये पंधरा-एच) आधी भरा. आणि त्या तारखेपर्यंत शेअर खात्यात असू द्या, मधेच विकू नका.