मदत हवी आहे: सोसायटीच्या कॉम्प्युटरचा लॉगिन पासवर्ड विसरले

सई_ठाणे
सोसायटी ऑफिसातला कॉम्प्युटर उघडत नाहीये. जूनमध्ये पासवर्ड बदलला, आता आठवत नाही. सुचतील ते सगळे टाकून झाले. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा आहे आणि थकबाकीची यादी त्यातच अडकलीय. फॉरमॅट करा असं कृपया सांगू नका. लवकर सांगा.

नटबोल्ट
विंडोज कुठलं? लॉगिनला ईमेल दिसतो की नुसतं नाव?

सई_ठाणे
१०. नुसतं 'ऑफिस' असं दिसतं.

पेंग्विनप्रेमी
पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाका, त्यावरून बूट करा, फाइल्स कॉपी करून घ्या. पासवर्ड लागतच नाही. तसंही विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. कायमचं मिंटच घ्या.

नटबोल्ट
आणि डिस्कवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन, असेल तर? ४८ अंकी रिकव्हरी की नसेल तर मिंटमधूनही काही हाती लागणार नाही.

पेंग्विनप्रेमी
सोसायटीच्या जुन्या डबड्यावर बिटलॉकर कोण लावतंय?

नटबोल्ट
डबडं जुनं आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?

निवृत्त_लेखापाल
ताई, सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी जायला हवी. ती गेली का? ताळेबंद ऑडिटरकडे मिळेल.

सई_ठाणे
काका, नोटीस गेलीय. ऑडिटरकडे मार्चपर्यंतचंच आहे. एप्रिलपासून कोणी किती मेंटेनन्स भरला ते फक्त इथे आहे. सभेत पहिला प्रश्न तोच येतो.

आभा१२
चुकीचा पासवर्ड टाकल्यावर खाली 'रीसेट पासवर्ड' येतं का? २०१८ पासून विंडोज १० मध्ये लोकल (ईमेल न जोडलेलं) अकाउंट उघडताना तीन सुरक्षा प्रश्न विचारतात.

सई_ठाणे
येतं. जन्मगाव, पहिली शाळा, लहानपणचं टोपणनाव. पण अकाउंट आधीच्या खजिनदार काकांनी बनवलंय. ते आता मुलीकडे न्यू जर्सीला असतात.

नटबोल्ट
अहो, हे आधी सांगायचं ना! आपल्या संध्याकाळी सातला तिथे सकाळचे साडेनऊ. फोन लावा. नुसती उत्तरं नको, इंग्रजी स्पेलिंग अक्षर-अक्षर विचारून घ्या.

केदार_पुणे
मी तर सगळे पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवतो. फोनवरही चालतो. कुठला घ्यावा ते हवं असेल तर सांगतो.

पेंग्विनप्रेमी
फोन लागेपर्यंत मिंट डाउनलोडला लावून ठेवा, ताई.

सई_ठाणे
उघडलं!! संगमनेर आणि शाळा लगेच जमलं, टोपणनाव 'बाळू' घेईना. बी-ए-एल-यू टाकून पाहिलं, मग यू-च्या जागी दोन ओ, तेही नाही. शेवटी काकांनाच आठवलं, ते एलच दोनदा लिहायचे. यादी पेनड्राइव्हवर घेतली, छापायलाही दिली. आभा, नटबोल्ट, मनापासून आभार. आता ही उत्तरं बदलता येतात का?

आभा१२
हो. सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स, तिथे पासवर्डखाली सुरक्षा प्रश्न अपडेट करायची लिंक आहे. सध्याचा पासवर्ड विचारेल, तो हाताशी ठेवा.